शालिकभाऊजींची दोरी

दारामागच्या खिळ्याला एक पिशवी असते.
शालिकभाऊजींनी शिवलेली, खताच्या गोणीची, दुहेरी टाक्याची.
आत रेशनकार्ड, उत्पलाच्या मार्कशीटा, घरटॅक्सच्या पावत्या,
सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, टॉर्च, शिट्टी, दोन बिस्किटपुडे,
आणि तिष्यनं कोंबलेला, एक चाक नसलेला ट्रक.
मी दोनदा काढून ठेवला.
तिसऱ्यांदा पाहिलं तर आतच.
आता तो यादीत आहे.

आमच्या गल्लीत नाग नदीला कुणी नदी म्हणत नाही.
नालाच म्हणतात, नाक धरून.
त्या सप्टेंबरात एका रात्री
तिनं आपलं खरं नाव सांगितलं.
सिलिंडर अंगणात तरंगत होतं,
आम्ही पलंगावर उभे, आणि काय उचलायचं
यावर भांडण.
मी इस्त्री उचलली होती.
हर्षपाल अजून हसतो त्या इस्त्रीला.
मला हसू येत नाही,
कारण पुढच्या खोलीत भाऊजी आहेत
हे मला वीस मिनिटांनी आठवलं.

त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही.
आम्ही छातीभर पाण्यातून पोचलो तेव्हा
ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले होते,
शिलाई मशीनचं मुंडकं मांडीवर घेऊन,
बस चुकलेल्या माणसासारखे शांत.

म्हणून मग दोरी.
एक टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला,
दुसरं भिंतीतल्या भोकातून उत्पलाच्या मनगटाला.
तीन हिसके म्हणजे उठा.
रविवारी तर्री-पोहे झाले की सराव:
मेन स्विच हर्षपालचा, पिशवी माझी,
तिष्यनं आजीचा हात धरायचा,
जमायचं बोंद्र्यांच्या गच्चीवर.
पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली.
त्यातली सहा सासूबाईंच्या चपलेत गेली.
"मी नाही येत बाप्पा, मले इथंच राहू द्या,
त्या पोट्ट्यानं चप्पल कुठं लपोली ते आधी सांगा."

भाऊजी प्रत्येक सरावात
आम्ही ओढलं की उठत,
आमच्याकडे बघत, मान डोलावत.
लहान पोरांचा खेळ मोडू नये
म्हणून उठतात, असं मला वाटायचं.

मग मे.
शेहेचाळीस डिग्री, रात्रीसुद्धा भिंती तव्यासारख्या,
कूलरची घरघर, वाळ्याचा वास, सगळे मेल्यासारखे झोपलेले.
अडीच वाजता उत्पला ओरडली,
"आई, दोरी!"
तीन हिसके. पुन्हा तीन.

आम्ही विचार केलाच नाही.
मेन स्विच पडला, पिशवी खांद्यावर आली,
सासूबाई एका चपलेवर निघाल्या,
चार मिनिटांत सगळे गच्चीवर.
आणि वर आभाळ कोरडं ठाक, ताऱ्यांनी भरलेलं.
ढगाचं नाव नाही.
हर्षपाल म्हणाला, "आता काऊन उठवलं यायनं?"

भाऊजींनी तळहात आडवा धरला: पाणी.
मग बोटं थरथरवली.
मग स्वतःची ओली चादर दाखवली.

सकाळी इलेक्ट्रिशियननं कूलर उघडला.
टाकी फुटलेली, पंपाची वायर सोललेली,
पाणी फरशीवरून पोरांच्या गादीपासून वीतभर लांब.
तो काही बोलला नाही.
दारातल्या तिष्यच्या उघड्या पायांकडे
जरा जास्तच वेळ बघत राहिला.

पण ते सकाळचं.
रात्री गच्चीवर आम्ही बिस्किटं फोडली,
मुदत संपलेली, मऊ, तरी सगळी खाल्ली.
तिष्यनं कठड्यावर तीन चाकांचा ट्रक चालवला.
सासूबाई दुसऱ्या चपलेची चौकशी करत होत्या.

भाऊजींनी उत्पलाच्या मनगटाची दोरी सोडवली,
शिंप्याच्या सवयीनं वितेनं मोजली,
नाक मुरडलं.
खिशातून आणखी एक तुकडा काढला,
गाठ मारली, दातांनी आवळली,
आणि नवं टोक माझ्या मनगटाला बांधलं.
एकदा ओढून पाहिलं.

मीही ओढलं.